शेवंतीच्या डोळ्याखाली

लातूर,
सोमवार, १० फेब्रुवारी २००३

शिवा,

दहा वर्षांनी बहिणीचं अक्षर बघतो आहेस, तर आधी घोटभर पाणी पी. घरात सगळे धडधाकट आहेत. आपली अव्वा पासष्टीची झाली, लेकीकडेच असते. दात गेले पण जीभ शाबूत आहे. तुझे दाजी आडतीवर लिहिण्याचं काम करतात आणि घरी आले की माझं ऐकतात. वाईट बातमी एकही नाही. तरी पत्र लिहिते आहे, कारण काल मी तुझ्या हातची गाठ बघितली.

कसली गाठ ते सांगते. पण क्रमानं सांगू दे. मला मध्येच तोडलेलं चालत नाही हे तू विसरला नसशील.

माझ्याकडे आता अकरा मुली राहतात, सगळ्या क्लासच्या. तू गेलास तेव्हाचं लातूर आता राहिलं नाही. आमच्या गल्लीत किराणा दुकान एक आणि झेरॉक्सची पाच. पहाटे पाचला मुली सायकली काढतात त्या फिजिक्सला, तिथून केमिस्ट्रीला, तिथून बायोलॉजीला. मध्ये माझ्याकडे येऊन उभ्याउभ्या पोळी खातात. कुणाला डॉक्टर व्हायचंय, कुणाच्या बापाला तिनं डॉक्टर व्हायला हवंय.

त्यातली आरती आपल्या शिरूर अनंतपाळकडची. वर्गात पहिल्या पाचातली पोर. गेल्या आठवड्यात ताटावर बसली आणि भाकरीचा तुकडा हातात धरून रडायला लागली. विचारलं तर म्हणाली, "काकू, मला काहीच आठवंना गेलंय. पाठ केलेलं समदं कोरं झालं." परीक्षा तोंडावर, आणि ही तीन दिवस धड जेवली नव्हती. मी जाहीर केलं, रविवारी या घरात जी पुस्तक उघडेल तिला सोमवारी जेवण नाही. आपण रानात जायचं.

दाजी म्हणाले, "परीक्षेच्या तोंडावर सहल? पोरींचे बाप काय म्हणतील?" मी म्हटलं, बापांना सांगा बायोलॉजीचं प्रॅक्टिकल आहे.

गाडी खाजामियाँची. पूर्वी गंजगोलाईत याचा टांगा असायचा. रिक्षा आल्या, टांगा बसला, आता अहमदपूरच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. घोडा जाऊन सात वर्षं झाली, पण चढाला लागला की अजून जिभेनं टकटक करतो आणि मग गिअर बदलतो. अकरा मुली, मी, अव्वानं करून दिलेले धपाटे, दह्याचा डबा, असे सगळे त्या जीपमध्ये कोंबून सकाळी सहाला निघालो. खाजामियाँनं नियम घातला, "जो पैले जानवर दाखवंल तो पुढच्या शिटावर. खोटं बोलला तो टपावर."

चाकूर ओलांडून वडवळच्या बाजूला डांबरी सोडली आणि माळाला लागलो. शिवा, माघातला माळ तुला मी काय सांगायचा? ज्वारी कणसाला आलेली, करडईला पिवळी बोंडं, बांधावर पळस नुकता पेटलेला. आणि थंडी अशी गोड की मुली स्वेटर काढायच्या आणि पुन्हा घालायच्या. पहिलं जनावर हुस्नानं दाखवलं. उदगीरची आहे, भारी चौकस. बांधाच्या कडेला एक खोकड बसलं होतं, झुपकेदार शेपटी पायाभोवती घेऊन, आमच्याकडे बघत. हुस्ना ओरडली, "व्हल्पिस बेंगालेन्सिस!" खाजामियाँ म्हणाला, "ते काय का असंना, माझी कोंबडी खातो तो."

मग काय, चढाओढच लागली. मोर दिसला की सगळ्या मिळून त्याचं लांबलचक नाव घ्यायच्या. या पोरींना बेडकाच्या पोटातली नळी न् नळी ठाऊक, पण मोर पळताना एवढा हसू येण्यासारखा दिसतो हे एकीलाही माहीत नव्हतं. तळ्याकाठी करकोचे उतरले होते, दोनशे तरी असतील. ते उठले तेव्हा एवढा गलका झाला की खाजामियाँनं आपणहून गाडी बंद केली. अकरा मुली आणि दहा मिनिटं गप्प, मी घड्याळात बघितलं.

आरती मात्र मागच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आणि मग हरभऱ्याच्या रानातून कळप निघाला. तीस-पस्तीस हरणं, पुढं काळा कुळकुळीत नर, शिंगं पिळदार. जीपच्या बरोबरीनं धावायला लागली, आणि कशासाठी कोण जाणे, आमच्याच पुढून रस्ता ओलांडायचं त्यांनी ठरवलं. एकेक जण उडी मारून पलीकडे. उडी म्हणजे काय उडी! रस्त्याला पायच लावायचा नाही असं ठरवल्यासारखी. आरती ताडकन उभी राहिली, टपाला डोकं आपटलं, आणि ओरडली, "अँटिलोप सर्व्हिकाप्रा! काकू, आठवलं! फॅमिली बोव्हिडी! ऑर्डरबी आठवली!" तिथं बसून तिनं पाच धपाटे खाल्ले. डोक्याला टेंगूळ आलं होतं, त्यावर हुस्नानं दह्याचा गार डबा धरला.

परतताना तुझी गाठ दिसली.

ओढ्याच्या अंगाला धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं चरायला गेलेली, आणि तट्टं सावलीला. आठ-नऊ असतील. एकाच्या पाठीवर बाज उलटी बांधलेली आणि तिच्यात तीन कोंबड्या आणि एक कुत्र्याचं पिल्लू मजेत बसलेलं. मुली उतरून धावल्या. खाजामियाँ तर दिवसभर याच क्षणाची वाट बघत असावा, एकाएकाचे खूर उचलून बघायला लागला. मी एका तांबड्या तट्टाच्या मानेवरून हात फिरवला आणि हात तोंडाला बांधलेल्या म्होरकीवर थांबला. काळ्या लोकरीची, तिपेडी, आणि गालाजवळची गाठ आतून बाहेर काढून परत आत घेतलेली. आपले बापू अशी वळायचे. गाठ जनावराच्या गालाला टोचू नये म्हणून. पंचक्रोशीत दुसरं कुणी अशी वळत नव्हतं, आणि त्यांनी ती तुला आणि मला, दोघांनाच शिकवली.

वाड्याचा म्होरक्या साहेबराव म्हणून आहे. त्याला विचारलं, ही कुणी वळली? म्हणाला, "माळाकोळीच्या पुढं एक शिवमूर्ती हाय. तट्टं आमी त्याच्याकडूनच घेतो. मान्सांशी लई बोलत न्हाई, पन जनावराचं दुखणं हात लावून वळखतो." मी विचारलं, त्याच्याकडे एक जुनी घोडी आहे का? "शेवंती? हाय की! म्हातारी झाली, पन ऐट न्हाई गेली. हे तांबडं तिचंच नातवंड."

मी ओढ्यावर तोंड धुवायला गेले. मुलींना वाटलं काकूंच्या डोळ्यात धूळ गेली.

पत्र खाजामियाँ स्वतः घेऊन येतो आहे. मी येत नाही. तू दारातून परत पाठवलंस तर काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वेळच्या गोष्टीत मी आज शिरत नाही. तुझं चांगलं चाललंय एवढं कळलं, बस्स.

तुझी अक्का,
उमा


लातूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

शिवा,

खाजामियाँनं सगळं सांगितलं. तू पत्र दोनदा वाचलंस, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलंस, त्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊ घातलास, चौदा तट्टं दाखवलीस, आणि उत्तर म्हणून एक शब्द दिला नाहीस. "बाई, बंदा बहुत नेक हाय, पन तुमचं नाव काढलं की खूर तासायला बसतो," असं म्हणाला.

बरोबर आहे. दहा वर्षांनी हरणाच्या गमती लिहिल्या आणि मुख्य गोष्ट पदराखाली ठेवली, तर तू तरी काय उत्तर देणार.

तर ऐक. शेवंतीच्या डोळ्याखाली भोवरा नव्हता.

मला ते तेव्हाच माहीत होतं. म्होरकीचा दोर घासून तिच्या डाव्या डोळ्याखालचे केस उलटे फिरले होते. आठ दिवस दोर काढून ठेवला असता तर सरळ झाले असते. डोळ्याखालचा आसूढाळ भोवरा कसा असतो, केस कुठून फिरतात आणि कुठं उतरतात, हे बापूंनी मला माळेगावच्या जत्रेत बोट धरून दाखवलं होतं. अशी घोडी घराला रडवते, दाराशी बांधू नये, असं सगळं गाव मानतं. आणि भोवऱ्याच्या बाबतीत बापूंच्या मागं माझा शब्द शेवटचा. मुलीच्या जातीनं घोडी पारखते म्हणून लोक हसायचे, पण विचारायला माझ्याकडेच यायचे.

मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. अकरावी सायन्सला तुझं नाव मी घातलं होतं. दहावीला तुला चौऱ्याऐंशी टक्के. तू माझ्या घरी राहून डॉक्टर होणार होतास, मी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. आणि तू कॉलेज सोडून शेवंतीच्या पाठीवर. महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी पंगतीसमोर मी बोलले, ही आसूढाळ आहे, विकून टाका. तू म्हणालास, "अक्का, भोवरा न्हाई हा, दोराचा घास हाय." आणि मी तुला चारचौघांत म्हटलं, बापूंनी मला शिकवलंय, तुला नाही.

आठवड्यात भूकंप झाला. माळवद बसलं, भीमाकाका आत झोपले होते. गाव म्हणालं घोडीनं माणूस खाल्लं, आणि अव्वा म्हणाली घोडी काढ नाहीतर मी जाते. एका वाक्याचं काम होतं, शिवा. काकांना समोर ठेवलेलं होतं आणि मला ते वाक्य बोलता आलं नाही. नंतर लाज वाटली. मग तू शेवंतीला घेऊन निघून गेलास, आणि मग काय, न बोलायची सवय झाली.

माझं चुकलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं, शेवंतीचंही नाही.

उमा


लातूर,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शिवा,

मिळालं तुझं उत्तर. चार पायांचं आहे.

काल दुपारी दारात टेम्पो थांबला, शेजारी खाजामियाँ हसत उभा, आणि आत वर्षाचं शिंगरू. तांबडं, चारी पाय पांढरे, कपाळावर टिकली. मी विचारलं, निरोप? "अक्काला म्हनावं, त्वांड नीट बघ. बस, इतकंच बोलला."

बघितलं. डाव्या डोळ्याखाली, नखाएवढा, केस फिरून गालाकडं उतरलेले. दोर घासलेला नाही, काही नाही. खराखुरा आसूढाळ. बापूंनी दाखवला होता त्यानंतर मी आयुष्यात हा दुसरा बघितला.

आधी राग आला. हाताशी असतास तर कान पिळला असता. मग मी तिथंच पायरीवर बसले आणि हसायलाच लागले. लबाडा, असला भोवरा हजारात एखाद्याला असतो, तू तो जपून ठेवला होतास की काय?

मुलींचं तर विचारू नकोस. अकरा जणींनी गाजरं आणली. घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव इक्वस ठेवलं आहे, आणि परीक्षेला जाताना त्याच्या पाठीला हात लावून जायचं असा ठरावही झाला. आरती त्याला अंगणात फेऱ्या मारवत ह्युमन हार्टचे कप्पे मोठ्यानं म्हणते, आणि ते कान टवकारून ऐकतं. दाजी म्हणाले, "याला काय कॉट बेसिसवर ठेवायचं का?" आणि स्वतःच मार्केट यार्डातून कडब्याच्या दोन पेंढ्या सायकलवर आणल्या.

पण अव्वा. तिनं दारातून बघितलं, म्हातारीची नजर अजून घारीची, आणि आत जाऊन कडी घातली. आतून आवाज आला, "ते भाईर काढ, न्हाईतर मी जाते गावाकडं." तेच शब्द, शिवा. त्याच आवाजात.

तेव्हा कुठं मला तू काय मागतोस ते कळलं. तुला कागदावर कबूल करणं सोपं होतं, पाच रुपयांचं पाकीट आणि खाजामियाँची जीप. अव्वा अजून समजते की तिच्या लेकानं घरात अपशकुन आणला आणि तिचा दीर गेला. दहा वर्षं ती तुझं नाव घेत नाही. काकांच्या श्राद्धाला तुझ्या नावानं बोटं मोडते आणि मी शेजारी बसून खीर वाढते. हे शिंगरू माझ्या दारात राहायचं तर मला तिला सांगावं लागणार. आणि सांगितलं तर ती माझं तोंड बघेल का, हे मला माहीत नाही. एक लेक तिनं गमावलाच आहे. दुसरीही गमावली तर पासष्टीला कुणाकडं जाईल?

हे लिहिताना मला भीती वाटते आहे. लपवत नाही. उद्या शिवरात्र आहे. उद्या सांगते.

उमा


अहमदपूर, एसटी स्टँड,
रविवार, २ मार्च, सकाळचे नऊ

शिवा,

घाईत लिहिते आहे, खाजामियाँ चहा पितोय.

काल दुपारी उपवासाची रताळी सोलत बसलो होतो, अव्वा आणि मी. मी सांगितलं. सगळं, महालक्ष्म्यांच्या पंगतीपासून. तिचा हात थांबला. मग तिनं हातातलं रताळं पूर्ण सोललं, ताटात ठेवलं, आणि उठून गेली. फराळ केला नाही, संध्याकाळी महादेवाला गेली नाही. मुलीसुद्धा पाय न वाजवता चालत होत्या.

दिवेलागणीला अव्वा अंगणात गेली. इक्वस उभं होतं. तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं केलं. मी दारात. माझ्याकडं न बघता बोलली, "भीमा तुज्या खोट्यानं मेला न्हाई अन् घोडीनंबी न्हाई. माळवद जड होतं, माती पावसानं भिजल्याली होती. हे मला तवाबी दिसत होतं. पन कुनावर तरी राग काढायचा होता, तू घोडी दावलीस." मग म्हणाली, "पोराला मातर आपुन दोघींनी हाकललं. तू खोटं बोलून, मी खरं मानून."

तिनं शिंगराच्या डोळ्याखाली अंगठा फिरवला. "कापसावानी मऊ हाय की रं," असं त्यालाच म्हणाली.

आज पहाटे पाचला मुली सायकली काढायला गेल्या तर अव्वा इरकली नेसून ओट्यावर बसलेली, मांडीवर पिशवी. पिशवीत तुझ्यासाठी शेंगाचटणी आणि शेवंतीसाठी गूळ. खाजामियाँला निरोप तिनं परस्पर, रात्रीच, दाजींना पाठवून दिला होता. मला कुणी विचारलंही नाही. हुस्ना आणि आरती क्लास बुडवून आल्या आहेत, तू त्यांच्या बापांना सांगू नकोस.

वाटेत मजा चालली आहे. पुढची सीट अव्वाकडे, आणि ती नियमानं मिळवलेली आहे. चाकूरच्या अलीकडेच तिनं ज्वारीतला ससा दाखवला, मग दोन मोर, मग काळवीट. आरतीनं लॅटिन नाव सांगितलं, तर म्हणाली, "हरीण म्हन की सरळ. त्याच्या बापानं ठिवलंय का नाव?" खाजामियाँनं हसताना टकटक केली आणि गिअर टाकायचा विसरला, चढावर गाडी बंद पडली. अव्वा त्याला म्हणाली, "चाबूक दे." एवढी हसलेली मी तिला कधी बघितली ते आठवत नाही.

माझ्याशी मात्र बोलत नाही. एक शब्द नाही. धपाटा दिला तो मुलींच्या हातून घेतला. मी त्याला हरकत घेत नाही. माझ्या वाट्याला जे आलंय ते मी घेईन. पण तिला बघून मला इतका आनंद होतोय की तोंड पाडून बसणंही जमत नाही.

हे पत्र पेटीत टाकत नाही. तुझ्या कुंपणाशी गाडी थांबली की खाजामियाँ आधी ते तुझ्या हातात आणून देईल, तसं मी त्याला सांगितलं आहे. मी जीपच्या मागं उभी असेन. तुला मला बघायचं नसेल तर बघू नकोस, मी मुलींना घेऊन तट्टं बघत फिरेन.

पण वाचून झालं असेल तर मान वर कर. अव्वाला जीपमधून एकटीनं उतरता येत नाही, पायरी उंच आहे, आणि कालपासून ती माझा हात धरत नाहीये. जा, तिला उतरव.

अक्का